आज सुरमई नाही

कसाल सोडून मालवणच्या रस्त्याला लागलं, की कट्टा, चौके, कुंभारमाठ अशी गावं मागं पडत जातात आणि रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाढत जातात. सुरमई थाळी. पापलेट थाळी. कोळंबी थाळी. शहर जवळ येईल तशी अक्षरं मोठी होतात, मासे मात्र तेच तीन राहतात. मे महिन्यात जा, नाताळात जा, भर जुलैच्या पावसात जा, पाटी बदलत नाही. ज्या समुद्राच्या भरवशावर ती लावलेली असते तो मात्र सतत बदलत असतो. कधी बांगड्याचे थवे येतात, कधी तारली, कधी नुसते पेडवे, आणि कधी दिवसच्या दिवस जाळं रिकामं येतं.

प्रवासात निसर्गाला न ओरबाडता जेवायचं कसं, हा प्रश्न घेऊन मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर फिरले. बांबूच्या नळ्या, मातीचे पेले, नावात ‘इको’ लावलेली उपाहारगृहं असं पुष्कळ दिसलं. त्यातलं काही चांगलं आहे, काही केवळ सजावट आहे. पण एखादी खानावळ समुद्राशी आणि जमिनीशी नीट वागते की नाही, हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण मला त्या सजावटीत मिळाली नाही. ती मिळाली नकारात. जी खानावळ आलेल्या पाहुण्याला ‘आज सुरमई नाही’ असं सांगू शकते, ती खरी पर्यावरणाची चाड असलेली खानावळ. आणि ते ऐकून जो पाहुणा उठून जात नाही, तो तिचा खरा आधार.

दोर ओढणारी माणसं

मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात अजून रापण लागते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांनी माणसं ते दोर ओढू लागतात. वाडीतली तरणी पोरं असतात, म्हातारी माणसं असतात, बायका असतात. जाळं वाळूवर आलं की मासळीची वाटणी होते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले असतात, आणि दोराला हात लावलेल्या परक्या माणसालाही मूठभर मासळी देण्याची रीत आहे.

रापणीच्या ओढीला इंजिन लागत नाही, त्यामुळे त्या मासळीमागं डिझेलचा धूर जवळजवळ नसतो. ट्रॉलरच्या जाळ्यानं तळ खरवडला जातो, तसा रापणीनं जात नाही. रापणीतही लहान पिल्लं सापडतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण किनाऱ्याजवळ येईल तेवढंच तिला मिळतं, आणि जे मिळतं ते अनेक घरांत जातं.

या माणसांची गेल्या काही वर्षांतली लढाई पर्ससीन जाळ्यांशी आहे. पर्ससीनचं जाळं अख्ख्या थव्याला घेरतं आणि तळाकडून आवळून घेतं. थवा किनाऱ्याजवळ येण्याआधीच बाहेर घेरला गेला, तर रापणीला येणार काय? पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करण्यावर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी आणली. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढले. कागदावर हे सगळं आहे, आणि तरीही पारंपरिक मच्छीमार अंमलबजावणीसाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर आणि समुद्रात उतरले आहेत. आपल्या ताटात येणारा मासा या भांडणाच्या कुठल्या बाजूनं आला, हे पर्यटकाला कळत नाही. खानावळवालीला मात्र पक्कं माहीत असतं, कारण सकाळी लिलावाला ती उभी असते.

मागणीप्रमाणे नाही, मिळेल त्याप्रमाणे

अशाच एका घरगुती खानावळीत मी जेवले. पडवीत चार टेबलं, मागं माडांची बाग. जेवायला यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत फोन करायचा, हा तिथला नियम. किती माणसं, एवढंच खानावळ चालवणाऱ्या काकी विचारतात. काय हवं ते विचारत नाहीत. पोचल्यावर काकींनी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता सांगून टाकलं, ‘आज सुरमय नाय हा. बांगडे आसत, सौंदाळे आसत.’ शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाचे चेहरे उतरले. पण ताटं आली तेव्हा तेही विसरले.

बांगड्याचं तिखलं होतं, वर तिरफळाचा तो जिभेला किंचित बधिर करणारा स्वाद. सौंदाळे तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले. तिसऱ्यांचं सुकं, भरपूर ओल्या खोबऱ्यातलं. उकड्या तांदळाचा भात. सोलकढीतलं आमसूल घरच्या रातांब्यांचं आणि नारळही घरचाच. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण इथल्या बाईला त्याचा दाखला लागत नाही. मेच्या उन्हात सोलं वाळवून बरणी भरली की तिचं वर्षाचं काम झालेलं असतं.

या जेवणाचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. बांगडा आणि तारली हे लवकर वाढणारे, लवकर वयात येणारे, थव्यानं राहणारे मासे. ते समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवर जगतात, म्हणजे अन्नसाखळीत खालच्या पायरीवर आहेत. सुरमई मोठी शिकारी. ती अशाच लहान मासळीवर वाढते. एक किलो सुरमई तयार होण्यासाठी समुद्राला कितीतरी किलो लहान मासे खर्चावे लागतात. तिसऱ्या आणि कालवं तर पाणी गाळून पोट भरतात. त्यांना बाहेरून खाद्य लागत नाही. बांगडा-तारलीही अक्षय नाहीत. समुद्राचं तापमान आणि प्रवाह बदलले की त्यांचे थवे काही वर्षं गायब होतात. म्हणून तर ‘आज जे आहे ते’ हा नियम त्यांनाही लागू ठेवावा लागतो.

फोन करून येण्याच्या नियमामुळे आणखी एक गोष्ट साधते: उरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं २८ टक्के हॉटेलं, उपाहारगृहं, खानावळी यांतून गेलं. मेनूकार्डावर साठ पदार्थ असले की साठांची तयारी ठेवावी लागते. इथं तयारी पाच पदार्थांची, तीही मोजक्या माणसांची. माशाचं डोकं सारात जातं, आतडी आणि खवलं माडाच्या मुळात पुरली जातात, भांड्यांचं पाणी केळीच्या आळ्यात जातं, आणि नारळाची सोडणं चुलीत.

वितीपेक्षा लहान पापलेट

पाट्यांवरच्या तीन माशांपैकी पापलेटची गोष्ट सर्वांत दुःखाची आहे. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी हे पापलेटचं नावाजलेलं बंदर. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थांनी मासा आकारानुसार प्रतवारी करून विकण्याची शिस्त पाळली, आणि पापलेट कमी होत चालल्याची हाकाटीही त्यांनी केली. अंडी घालण्याआधीच पिल्लं पकडली जात आहेत, हे त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या मागणीतून सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वितीपेक्षाही कमी. त्याहून लहान पापलेट पकडणं आता नियमाविरुद्ध आहे.

पण लहान पापलेटला गिऱ्हाईक कोण? ज्याला अख्खा मासा एका माणसाच्या थाळीत, ठरलेल्या भावात हवा असतो, तो. मोठा पापलेट परवडत नाही. मग थाळीत बसेल आणि हिशोबात बसेल असा लहान शोधला जातो. जाळ्याचे आस, म्हणजे त्याची भोकं, लहान होतात ते काही केवळ मच्छीमाराच्या हव्यासानं नाही. ताटाच्या मापाचा मासा मागणारा आपला हट्ट तिथवर पोचलेला असतो. ताटात आलेला पापलेट तळहातावर मावणारा असेल, तर पुढच्या वेळी तो न मागणं एवढं तरी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

पश्चिम किनाऱ्यावर कुठल्या महिन्यात कुठला मासा खावा आणि कुठला टाळावा, याचं कॅलेंडर ‘नो युवर फिश’ या नावानं काही तरुण संशोधकांनी २०१७ मध्ये तयार केलं. विणीचा हंगाम, वाढीचा वेग, पकडण्याची पद्धत हे सगळं त्यात धरलेलं आहे. सागरी संशोधक दिव्या कर्नाड यांच्या ‘इनसीझन फिश’ या उपक्रमानं तर मच्छीमार, शेफ आणि खाणारे यांना एकत्र आणण्याचं काम केलं. मालवणात आवडीनं खाल्ल्या जाणाऱ्या मोरीबद्दलही यामुळे विचार करावासा वाटतो. मोरी हा शार्क. पुष्कळसे शार्क उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्लं थोडी होतात. बांगड्याचा थवा जितक्या झपाट्यानं भरून येतो तितकी त्यांची संख्या भरून येत नाही.

कोळंबी आणि कासव

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आता ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेनं २००२ पासून इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी उकरून नेली जात होती. गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम उभं राहिलं, आणि पुढं कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला माणसं येऊ लागली. त्यांची राहण्याची आणि जेवणाची सोय गावातल्या घरांतच झाली. मोठं हॉटेल उभं राहिलं नाही, आणि तेच या गावाचं बळ ठरलं. कासव जगलं तर पाहुणा येतो, पाहुणा आला तर घरात दोन पैसे येतात, हा संबंध प्रत्येक घराला थेट कळतो.

वेळासला पाहुण्यांच्या पानात साधं कोकणी शाकाहारी जेवण येतं: भात, आमटी, भाजी, सोलकढी, कधी उकडीचे मोदक. ते जेवून किनाऱ्यावर गेल्यावर मला पाट्यांवरच्या तिसऱ्या माशाची, कोळंबीची आठवण होत राहिली. कोळंबीसाठी फिरणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात कासवं अडकतात आणि श्वास घ्यायला वर येता न आल्यानं गुदमरून मरतात. जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारं साधन बसवता येतं. ते सर्रास वापरलं जात नाही म्हणून अमेरिकेनं २०१९ मध्ये भारतातून समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली. एकाच सहलीत कासवाचं पिल्लू पाहून हात जोडायचे आणि वाटेत ट्रॉलरची कोळंबी मागवायची, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

ताटातली कोळंबी शेततळ्यातलीही असू शकते. २००९ मध्ये देशात परवानगी मिळाल्यापासून व्हेनामी कोळंबीची शेती, मुख्यतः आंध्र प्रदेशात, प्रचंड वाढली. म्हणजे मालवणात बसून आपण कदाचित पूर्व किनाऱ्याची तळ्यातली कोळंबी खात असतो. हे वाईटच असं नाही, पण विचारल्यावर उत्तर मिळायला हवं.

ताटातला पावसाळा

दर वर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. अनेक जातींच्या विणीचा हा काळ. पुढं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून हंगाम सुरू करायची कोळ्यांची रीत आहे, आणि पुष्कळ घरांत श्रावणभर मासळी वर्ज्य असते. श्रद्धेनं पाळलेल्या या गोष्टींनी समुद्राला उसंत मिळत आली आहे.

कोकणातलं घर या काळासाठी आधीपासून तयारी करतं. उन्हात वाळवलेले बोंबील, सुकट, खारवलेले बांगडे डब्यात असतात. रानात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी उगवलेली असते, परसात अळू माजलेलं असतं. गोकुळाष्टमीला सिंधुदुर्गात शेगलाची भाजी, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या होतात. कुळथाची पिठी तर बारमाही. हे सगळं पर्यटकाच्या ताटात का येऊ नये? पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला शीतगृहातली सुरमई वाढणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. त्याला टाकळ्याची भाजी आणि भाजलेला सुका बांगडा वाढणारी फार थोडी. मागितल्याशिवाय ती वाढणारही नाहीत, कारण ‘गावातलं जेवण लोकांना चालत नाही’ असा समज आपणच करून दिला आहे.

पूर्वापार चालत आलेलं सगळंच निसर्गाला मानवतं असंही नाही. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासे पकडणं ही कोकणातली जुनी मौज, पण ते मासे अंडी घालायलाच चढत असतात. चुलीवरचं जेवण म्हणून आपण कौतुक करतो, पण त्या धुरात उभं राहणाऱ्या बाईच्या फुप्फुसांचं मोल त्या चवीपेक्षा जास्त आहे. झाराप इथल्या ‘भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान’नं सिंधुदुर्गात घरोघरी बायोगॅस पोचवण्याचं जे काम केलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. गोठ्यातल्या शेणावर भात शिजतो, धूर नाही, लाकूडतोड नाही, वर खत मिळतं. खानावळीच्या शेगडीखाली असा गॅस असेल, तर तो पाटीवर मिरवावा इतक्या मोलाचा आहे.

आणि पाणी. किनाऱ्यावरची विहीर आणि सांडपाण्याची टाकी यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी वाळूच असते. पाहुण्यांची गर्दी वाढली की उपसा वाढतो, उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. केळीच्या पानावर वाढलं म्हणून हे सगळं माफ होत नाही.

नाही म्हणायची ऐपत

जगात हा विचार करणारी नामवंत उपाहारगृहं आहेत. डग्लस मॅकमास्टर या शेफनं २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनला ‘सायलो’ सुरू केलं आणि २०१९ मध्ये ते लंडनला नेलं. तिथल्या स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबाच ठेवला नव्हता. माल परत वापरता येणाऱ्या भांड्यांतून यायचा, पीठ तिथंच दळलं जायचं, उरलेल्याचं खत व्हायचं. मिशेलिन मार्गदर्शकानं २०२० पासून अशा जागांना हिरवा तारा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अनुमित्रा घोष दस्तीदार यांनी २०१८ च्या कोची-मुझिरिस बिनालेत ‘एडिबल आर्काइव्ज’ या प्रकल्पातून देशी तांदळाच्या जाती शिजवून लोकांना खाऊ घातल्या, आणि पुढं तेच काम गोव्यात उपाहारगृहाच्या रूपानं चालू ठेवलं.

या शेफना मी मानते. त्यांच्याकडे येणारा माणूस त्यांचा विचार चाखायलाच येतो. काय मिळणार नाही, हे तो आधीच मान्य करून बसलेला असतो. चार टेबलांच्या खानावळीतल्या बाईला हे संरक्षण नसतं. मुंबई-पुण्याहून आठ-दहा तास गाडी चालवून आलेलं कुटुंब ‘सुरमई नाही? मग राहू दे’ म्हणून उठलं, की तिची सकाळची खरेदी वाया जाते. असं वारंवार झालं, तर पुढच्या हंगामात तीही दुसऱ्या बंदरावरून बर्फातली सुरमई आणून ठेवील आणि पाटी रंगवून घेईल. तिला दोष देता येणार नाही. नाही म्हणायची ऐपत गिऱ्हाईक देतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. आदल्या दिवशी किंवा सकाळी फोन करून जेवण सांगा. माशाचं नाव घेऊ नका, आज काय आलंय ते विचारा. बांगडा, तारली, मांदेली, तिसऱ्या आल्या असतील तर त्या आनंदानं खा, आणि त्यांचे पैसे देताना घासाघीस करू नका. स्वस्त मासा निवडून, साफ करून, वाटण घालून रांधण्याची मेहनत सुरमईपेक्षा कमी नसते. पाण्याची प्लास्टिकची बाटली मागण्याऐवजी तांब्यातलं उकळलेलं पाणी मागा. मुलांना काट्यांचा मासा खायला शिकवा, कारण बिनकाट्याच्या तुकडीची सवय त्यांना जन्मभर त्याच तीन माशांकडे नेईल. आणि जेवण आवडलं तर दुसऱ्यांना त्या खानावळीचं नाव सांगताना हेही सांगा की तिथं जे आलेलं असेल तेच मिळतं, आणि म्हणूनच तिथं जायचं.

समुद्रात किती मासे उरतील हे ठरवणारे कायदे, जाळी, तापमान यांतलं बरंचसं आपल्या हातात नाही. ताटात काय मागायचं हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. आपण बांगडा आवडीनं मागवला, तर दुसऱ्या दिवशी काकी लिलावात बांगड्याच्या पाटीला चार पैसे जास्त बोलतील, आणि ते पैसे दोर ओढणाऱ्यांच्या वाट्यात जातील.